बाळाची हालचाल कमी वाटली, तर मशीनकडे बघत बसू नकोस

पत्र असं आहे:

‘सिस्टर मावशी, मला ३३ वा आठवडा चालू आहे. पहिलंच बाळंतपण. सासर करमाळा तालुक्यात, ओटीभरण झाल्यावर माहेरी बार्शीला आले. गेल्या दोन तपासण्यांत बीपी १४०/९० च्या आसपास निघालं म्हणून डॉक्टरांनी गोळी सुरू केली. मिस्टरांनी बाळाचे ठोके ऐकायचं छोटं मशीन ऑनलाइन मागवलंय. रोज रात्री लावते, १४० ते १५० दाखवतं. मागच्या गुरुवारी दिवसभर बाळ फारसं हललंच नाही. आई म्हणाली मशीन लावून बघ. १४२ दिसलं, सगळे निवांत झोपले. मला रात्रभर झोप नाही. शुक्रवारी सकाळी बाळ नेहमीसारखं हलायला लागलं. मी उगाच घाबरते का? आता डॉक्टर म्हणतात ३४ व्या आठवड्यापासून दर आठवड्याला एनएसटी करायची, म्हणजे पोटाला पट्टा लावून बाळाचे ठोके बघायची तपासणी. माझ्या जाऊबाईंना बाळंतपणात पोटाला पट्टा लावला आणि तासाभरात सिझर केलं. घरात सगळे म्हणतात, पट्टा लावला की सिझर ठरलेलंच. काय करू?’

पोरी, उत्तर छापून यायला दोन आठवडे लागतात, आणि तेवढं थांबण्यासारखं हे पत्र नव्हतं. म्हणून ते हातात पडलं त्याच दुपारी तुला फोन केला. फोनवर सांगितलं तेच आधी इथे लिहिते, कारण असं मशीन आता पुष्कळ घरांत आलंय. त्या गुरुवारी तू रात्रीच दवाखान्यात जायला हवं होतंस. तू उगाच घाबरत नव्हतीस. त्या रात्री घरात बाळाची खबर बरोबर कुणाला असेल तर ती तुला होती, आणि सगळ्यांनी विश्वास ठेवला मशीनवर.

मी बत्तीस वर्षं लेबर रूममध्ये काढली. ‘बाळ हलत नाही’ म्हणून अर्ध्या रात्री आलेल्या बायका किती पाहिल्या त्याचा हिशोब नाही. त्यातल्या बहुतेक जणींचं बाळ तपासणीत ठणठणीत निघायचं. दवाखान्यापर्यंतच्या रिक्षाच्या धक्क्यांनीच ते जागं झालेलं असायचं आणि बाई ओशाळून म्हणायची, ‘सिस्टर, उगाच त्रास दिला.’ कसला त्रास? त्यासाठीच तर आम्ही तिथे बसलेलो असायचो. मला आठवते ती एक, जी आली नाही. म्हणजे आली, पण दोन दिवसांनी. नववा महिना भरत आलेला. शेजारणीने सांगितलं होतं की बाळ खाली सरकलं की हलायचं कमी होतं, आता सुटकेची वेळ जवळ आली. मी तिच्या पोटाला ठोके ऐकायचा कर्णा लावला आणि आधी एका बाजूला, मग दुसऱ्या, मग बेंबीखाली ऐकत राहिले. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. सोनोग्राफीला नेण्याआधीच मला कळलं होतं, आणि मी मान वर करायला उशीर लावला म्हणून तिलाही कळलं. तेव्हापासून ‘बाळ खाली सरकलं की हलत नाही’ हे वाक्य कानावर आलं की मी जिथे असेन तिथे बोलते, लग्नाच्या मांडवात असले तरी. ते खरं नाही. शेवटच्या महिन्यात जागा कमी पडते म्हणून लाथेची तऱ्हा बदलते. आधी ठोसा बसायचा, आता कूस बदलल्यासारखं, पोटावरून काही सरकल्यासारखं वाटतं. पण हालचाल कमी होत नाही. कळा लागेपर्यंत आणि कळांमध्येही बाळ हलत असतं.

आता मशीनवर १४२ दिसूनही मी जा का म्हणते, ते नीट समजून घे. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असणं हे नेहमीचं. बाळाला वारेतून (प्लॅसेंटातून) रक्त आणि प्राणवायू कमी मिळायला लागला की ते काटकसर सुरू करतं. घरात पैसा कमी आला की आपण आधी वरखर्च तोडतो, दाणापाणी शेवटपर्यंत चालू ठेवतो, तसंच. बाळ आधी हातपाय हलवणं कमी करतं. मेंदूचा आणि हृदयाचा पुरवठा शेवटपर्यंत सांभाळतं. म्हणून अडचणीत असलेल्या बाळाचे ठोकेही कितीतरी वेळ १४० च भरतात. हालचाल आधी मंदावते, ठोक्यांचा आकडा पुष्कळ उशिरा बिघडतो. तुमच्या मशीनने त्या रात्री एवढंच सांगितलं की त्या मिनिटाला हृदय चालू आहे. बाळ बरं आहे असं त्याने सांगितलं नव्हतं, तो अर्थ घरातल्यांनी लावला.

आणि तो ठोका बाळाचाच होता का, हेही बघायला हवं. बाळाच्या हृदयाचा आवाज घोड्याच्या टापांसारखा दुडदुड येतो. वारेतून वाहणाऱ्या रक्ताचा सूं सूं असा, वाऱ्यासारखा. आणि आईच्या स्वतःच्या रक्तवाहिनीचा ठोकाही तिथेच सापडतो. घाबरलेल्या बाईची नाडी ११०-१२० सहज होते, आणि मशीनला काय, मिळेल तो ठोका ते मोजतं. म्हणून आम्हाला शिकवलं होतं की एका हाताने आईच्या मनगटाची नाडी धरायची आणि मगच बाळाचे ठोके मोजायचे. दोन्ही एकाच तालात चालले तर ऐकलंस ते आईचं. २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका गरोदर बाईची हकिगत छापून आली होती. हालचाल कमी झालेली, पण घरच्या डॉप्लरवर, म्हणजे तुझ्याकडे आहे तशाच मशीनवर, ठोके ऐकू येतात म्हणून ती थांबून राहिली. दवाखान्यात पोचली तेव्हा बाळ गेलेलं होतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही २०१४ मध्ये सांगितलं की ही मशीनं लोकांनी आपली आपण घरी वापरू नयेत. तेव्हा ते मशीन परत कर नाहीतर कपाटात टाक. नवऱ्यावर चिडू नकोस, त्याने मायेनेच आणलंय.

त्याच्या जागी काय करायचं? जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पड, मोबाइल लांब ठेव आणि बाळाकडे लक्ष दे. आपल्याकडे सकाळ, दुपार, संध्याकाळ जेवणानंतर एकेक तास मोजायला सांगतात, तासाला निदान तीन हालचाली. लाथ, लोळण, कूस बदलणं सगळं धर. उचकी धरू नकोस. उचकी म्हणजे ठराविक तालात पोट टिक टिक उडतं ते, काही मिनिटांत थांबतं. बाळ झोपतंही, एका वेळी वीस ते चाळीस मिनिटं, क्वचित दीड तासापर्यंत. त्यामुळे अर्धा तास शांत गेला तर जीव काढू नकोस. शंका आलीच तर काहीतरी खा, डावीकडे कलून पड आणि दोन तास फक्त त्याच्याकडे लक्ष दे. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत, तर निघायचं. आणि बाळ अजिबातच हललं नाही, तर ते दोन तासही घालवू नकोस.

एक गोष्ट मात्र तुला मोकळेपणाने सांगायला हवी. रोज आकडे लिहून ठेवल्याने किती बाळं वाचतात यावर मोठमोठे अभ्यास झालेत. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये चार लाखांहून जास्त गरोदरपणांचा एक अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आयांना हालचालींबद्दल जागरूक करून, हालचाल कमी म्हणून आलेल्यांची ठरवून तपासणी केली, तरी पोटात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण ठामपणे म्हणावं इतकं घटलं नाही, आणि कळा आणणं आणि सिझर थोडं वाढलं. म्हणून मी वहीतल्या आकड्याला देव मानत नाही. पण दवाखान्यात घालवलेल्या वर्षांनंतर इतकं नक्की म्हणेन की प्रत्येक बाळाची एक चाल असते. तुझं रात्री नऊला नाचणारं असेल, शेजारणीचं पहाटे. तुझ्या बाळाची चाल तुला पाठ झाली पाहिजे. ती बदलली की आकडा काहीही असो, जा.

आता एनएसटी. घरातले म्हणतात तशी ती सिझरची तयारी नाही. तुझं बीपी वाढलंय. बीपी वाढलेल्या बाईच्या वारेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला खुराक कमी पडू शकतो. म्हणून डॉक्टरांना मधूनमधून बाळाची तब्येत विचारायची आहे, एवढंच. तुला कलतं झोपवतील, पोटाला दोन पट्टे बांधतील. एकाखाली बाळाचे ठोके, दुसऱ्याखाली पोट कडक होतंय का ते. हातात एक बटण देतील, बाळ हललं की दाबायचं. वीस मिनिटं. बघायचं काय, तर बाळ हललं की त्याचे ठोके वर चढतात का. आपण जिना चढलो की छाती धडधडते तसं. वीस मिनिटांत दोनदा तरी ठोके पंधराने वाढून पंधरा सेकंद टिकले की कागद चांगला. ही चढउतार तुझ्या घरच्या मशीनवर कळत नाही, तिथे नुसता आकडा उडत असतो.

आणि कागद चांगला आला नाही तर? लगेच ऑपरेशन नाही. बाळ झोपलेलं असतं, बाई उपाशी आलेली असते. आणखी वीस मिनिटं बघतात. तरी मन भरलं नाही तर सोनोग्राफीत बाळाची हालचाल, अंग ताठ की सैल, श्वासासारखी छाती हलते का, भोवतीचं पाणी किती हे बघतात. तुझ्यासारखीला डॉप्लर सोनोग्राफीही सांगतील. नावावरून गोंधळू नकोस. घरचं डॉप्लर नुसता आवाज ऐकवतं. ही सोनोग्राफी नाळेतून बाळाकडे रक्त किती सहज वाहतंय ते मोजते. बीपीच्या बाईसाठी मला ती एनएसटीइतकीच मोलाची वाटते. ती आणि बाळाची वाढ मोजणारी सोनोग्राफी कधी, हे पुढच्या तपासणीला तूच विचार. आणि दर वेळी पोटावर टेप लावून घे. २४ आठवड्यांनंतर पोटाची उंची सेंटिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकीच भरते, दोन इकडेतिकडे. ३३ व्या आठवड्यात २९ भरली तर बाळ लहान आहे का ते बघायला हवं. दोन रुपयांची टेप, पण ती लावायचा कंटाळा मी भल्याभल्यांना केलेला पाहिला आहे.

आता जाऊबाईंचा पट्टा. त्यांच्या बाळंतपणात काय झालं ते कागद बघितल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, आणि मीही सांगणार नाही. पण त्यांची तक्रार अगदीच निराधार नाही, म्हणून दोन्ही बाजू सांगते.

बाळाचे ठोके पहिल्यांदा नीट ऐकले गेले त्याला दोनशे वर्षं झाली. १८२१ मध्ये केर्गारादेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने पोटाला स्टेथोस्कोप लावला तो गर्भजलाची खळबळ ऐकायला, आणि त्याला ऐकू आली टिकटिक. १८९५ मध्ये पॅरिसच्या पिनार यांनी लाकडी कर्णा बनवला. आमच्या हातात होता तो त्याचाच अॅल्युमिनियमचा भाऊ, फिटोस्कोप म्हणायचो. तो लावताना हात काढून घ्यायचा, नुसत्या कानाने दाबून धरायचा, कारण बोटांची थरथरही आवाजात मिसळते. कान लाल व्हायचा. लाइट गेलेल्या रात्री कंदिलाच्या उजेडात घड्याळाचा काटा बघत मी असे ठोके मोजलेत. पट्ट्याची मशीनं १९६० च्या दशकाच्या शेवटी बाजारात आली, आणि सगळ्यांना वाटलं की आता एकही बाळ हातचं जाणार नाही.

तसं झालं नाही. बाळंतपणाच्या कळांमध्ये सतत पट्टा लावणं आणि ठराविक वेळाने ऐकणं यांची तुलना करणारे तेरा अभ्यास, ३७,००० हून जास्त बायका, यांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये निघाला. पट्ट्यामुळे जन्मल्यावर झटके येणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालं. पण बाळं दगावण्यात किंवा पुढे सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम होणारा आजार) होण्यात फरक दिसला नाही. सिझर मात्र बरीच वाढली. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं की जिला काही अडचण नाही आणि जिच्या कळा आपोआप लागल्यात, तिला सतत पट्टा लावू नका. कर्ण्याने किंवा हातातल्या डॉप्लरने पहिल्या टप्प्यात दर पंधरा ते तीस मिनिटांनी ऐका, जोर काढायच्या वेळी दर पाच मिनिटांनी. ऐकायचं ते कळ चालू असताना सुरू करून कळ ओसरल्यावर अर्धा मिनिट तरी, एकूण किमान एक मिनिट. कळ ओसरल्यावरचं ऐकणं सगळ्यात महत्त्वाचं. कळेत वारेचं रक्त दाबलं जातं. ताकदवान बाळ त्यातून लगेच सावरतं, थकलेल्याचे ठोके कळ संपल्यावरही खाली रेंगाळतात.

पण पोरी, तू त्या रांगेत नाहीस. तुझं बीपी वाढलेलं आहे, आणि ३७ आठवडे भरल्यावर डॉक्टर कदाचित कळा आणायचं ठरवतील. सलाइनमधून कळांचं औषध चालू असेल तर बाळावर जास्त नजर लागतेच. तुला पट्टा लावायला सांगितला तर नको म्हणू नकोस. विचार एवढंच, की झोपूनच राहायला हवं का. बऱ्याच वेळा बसून, कुशीवर कलून, बेडजवळ उभं राहूनही पट्टा चालतो. उताणं पडून राहू नकोस, पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो आणि बाळाचे ठोके त्यानेच खाली येतात. मी कितीदा तरी नुसतं डाव्या कुशीवर वळवून ठोके जागेवर आलेले पाहिलेत. ठोके उतरले की आधी हेच करायचं असतं: कूस बदलायची, कळांचं औषध थांबवायचं, बीपी बघायचं, आतून तपासून नाळ खाली आली नाही ना ते बघायचं. एवढं करून सावरलं तर थांबता येतं. सावरलं नाही, किंवा ठोके खाली आणि पाणी दाट हिरवं, म्हणजे बाळाने आत शी केलेली, तर मग सिझरला उशीर करणाऱ्या डॉक्टरपेक्षा घाई करणारा मला चालेल.

आईला सोबत ने. सरकारी दवाखान्यातही बाळंतिणीजवळ एक बाई राहू देण्याची केंद्राची सूचना २०१६ पासून आहे. आईचं काम एकच: दर अर्ध्या तासाला गोडीने विचारायचं, ‘सिस्टर, ठोके किती आहेत? लिहिलेत का?’ मला असं विचारणाऱ्या आयांचा राग कधी आला नाही. चार बाळंतिणी आणि दोन सिस्टर अशी रात्र असते, विचारलेलं बरं असतं.

फोनवर तुझी आई तुझ्या मावसआत्येचं म्हणणं सांगत होती, ठोके दीडशेच्या वर म्हणजे मुलगी. ते साफ खोटं आहे. ते कुणाला विचारू नकोस, आणि कुणी सांगायला लागलं तर ऐकूही नकोस.

आणि बीपीबद्दल, कारण तुझ्या बाबतीत बाळावरची नजर तिथून सुरू होते. गोळी चुकवू नकोस. डोकं सतत दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, बरगड्यांखाली दुखलं, चेहरा-हात अचानक सुजले, लघवी कमी झाली, किंवा अंगावर रक्त गेलं, तर बाळ हलत असलं तरी निघ. १०८ ला फोन कर, गरोदर बाईसाठी १०२ ची गाडीही फुकट येते. माता-बाल संरक्षण कार्ड आणि फाइल एका पिशवीत दाराजवळ टांगून ठेव. करमाळ्याचे जुने रिपोर्ट त्यात आहेत ना, आजच बघ. माहेरी आलेल्या मुलींची निम्मी फाइल सासरी राहते आणि रात्री दोन वाजता डॉक्टरांना पहिलं बीपी किती होतं तेच सापडत नाही. झोपताना कुशीवर झोप, २८ आठवड्यांनंतर उताणं झोपणं बाळाला चांगलं नाही. जाग आल्यावर उताणी सापडलीस तर घाबरू नकोस, वळ आणि झोप.

सोमवारी पहिली एनएसटी आहे म्हणालीस. पोटभर खाऊन जा, लघवीला जाऊन मगच पट्टा बांधून घे, आणि कागदाचा मोबाइलवर फोटो काढून ठेव. संध्याकाळी मला फोन कर.